पन्हाळ्याचा कातळही समजून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये पन्हाळगडाची नोंद जागतिक वारसा यादीत झाली, याचा मला प्रत्येक कोल्हापूरकराइतकाच अभिमान आहे. गडाविषयी बोलताना शिलाहार भोज राजा, आदिलशाही, सिद्दी जौहरचा १६६० चा वेढा या साऱ्याचा उल्लेख होतो; ज्या कड्यांमुळे तो वेढा इतके महिने रेंगाळला, त्या कातळाविषयी मात्र कुणी बोलत नाही. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव फार जाणवते.

पन्हाळ्याचा डोंगर मुळात काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेलेल्या लाव्हारसाचा आहे. त्याच्या माथ्यावर जांभ्याची टोपी आहे. उष्ण हवेत आणि भरपूर पावसात मूळ खडकातील सिलिका विरघळून वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार झाला. मसाईचे पठारही असेच बनले आहे. माथा सपाट आणि कडा तुटलेला, ही किल्ल्याला हवी असलेली ठेवण निसर्गानेच दिली.

मुलांची सहल नेली की मी त्यांना कड्याखाली जांभ्याच्या तळाशी हात लावायला सांगत असे. श्रावणात तेथून पाणी झिरपत असते आणि बोटांना लाल गाळ लागतो. जांभा पाणी पिऊन घेतो, पण त्याखालच्या चिकणमातीतून ते सहजासहजी खाली उतरत नाही; म्हणून ते आडवे सरकत कड्याच्या पोटातून बाहेर पडते. ही वाट बंद झाली, की पाण्याचा भार आतल्या आत वाढतो, माती निसरडी होते आणि वरचा भाग सुटतो.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडाचा मुख्य रस्ता खचला, तेव्हा सर्वांच्या तोंडी पावसाचेच नाव होते. पाऊस अतोनात होता हे खरे, तरी अशा डोंगरात उतार तोडताना आणि बांधकाम करताना झिरपणाऱ्या पाण्याचा विचार करावाच लागतो. केवळ जाड काँक्रीटची भिंत उभारून हा डोंगर थोपवता येईल, असे मला वाटत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की गडावरील यापुढच्या प्रत्येक कामाआधी भूवैज्ञानिकांकडून पाझरांचा नकाशा करून घ्यावा, संरक्षक भिंतींना पाणी निघून जाण्यासाठी पुरेशी भोके ठेवावीत आणि ती दर वर्षी मृग लागण्यापूर्वी साफ करावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर