आई-बाबा, तिकिटं काढलीयेत

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते आणि आईने लगेच गुडघा पुढे केला असता, म्हणून लिहितेय. दोघांची व्हिएन्नाची तिकिटं काढलीयेत. रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत, मुद्दाम तसलीच काढली.

हो, पितृपक्षात. आई, आधी पूर्ण वाच. आजोबांची पंचमीची तिथी नेहमीसारखी करा, षष्ठीला रात्री निघा, आणि घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तू घरी. ऑगस्टमध्ये बोलावलं असतं पण उन्हाळ्यात इथे कधीकधी 35 च्या वर जातं आणि माझ्या घरात साधा पंखा नाही, मागे मी ओला टॉवेल पांघरून झोपलेय, आणि डिसेंबरची थंडी बाबांना झेपणार नाही, मग राहिलं काय? पितृपक्षात दुपारी 18-20 असतं, झाडं पिवळी व्हायला लागतात, सकाळी मात्र स्वेटर लागतोच.

पाण्याची काळजी नको, नळाचंच प्यायचं, आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी 1873 पासून पाइपने शहरात येतंय, त्यामुळे बाबा, उकळत बसू नका. माझ्या लाइनची ट्राम जमिनीला टेकलेली असते, आईला पाय उचलावा लागत नाही. शोनब्रुनच्या राजवाड्यात 1441 खोल्या आहेत, घाबरू नका, दाखवतात त्यातल्या चाळीसेकच, आणि दमलो तर बागेत बाकावर बसू. बाबा, सुभाषबाबूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन 1935 मध्ये याच शहरात झालं, तुम्हीच मला सांगितलेलं, आता मला गाव दाखवता येईल तुम्हाला. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या मनोऱ्याच्या 343 पायऱ्या मात्र तुम्ही चढायच्या नाहीत. खालून बघायचं. वाद नको.

प्राटर म्हणून पाळण्यांची बाग आहे, तिथे 1897 चा मोठा पाळणा आहे. जत्रेत मी वर गेल्यावर भोकाड पसरलं होतं आणि बाबांनी पाळणेवाल्याला ओरडून पाळणा थांबवला, तेव्हापासून मी कुठल्याच पाळण्यात बसले नाहीये. हा अगदी हळू फिरतो, बंद डबा असतो, तुमच्या दोघांच्या मध्ये बसेन म्हणतेय.

अँजिओप्लास्टीच्या वेळी मी आले नाही. यंदा गणपतीलाही नाही. तुम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द बोलत नाही, ते जास्त लागतं. बाबा, व्हिडिओ कॉलवर त्या हिरव्या चादरीत तुम्ही मला "जेवलीस का" विचारलंत, त्याच रात्री मी तिकिटं बघायला लागले. पैशाचं विचारू नका, आहेत.

आता ऐका. व्हिसासाठी फिंगरप्रिंट द्यायला दोघांनी स्वतः जायचंय, एकत्र जा, रिक्षाने जा, बस नको. माझं हमीपत्र मी इथल्या पोलिसांकडे जाऊन केलंय. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो, तो मी काढते, तुमच्या बँकेतल्या मित्राला मध्ये घेऊ नका. गोळ्या हँडबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, चेक-इनच्या बॅगेत एकही नाही. डॉक्टरांना प्रवासाचं विचारून घ्या, ते नाही म्हणाले तर मात्र मी काही बोलणार नाही, पैसे गेले तर जाऊ दे.

आणि आई, तूप आणि पेढे आणायचे नाहीत, दुधाचं काहीच आत येऊ देत नाहीत. मेतकूट चालतं. जास्त आण.

तुमची,
चिमणी