पाइपच्या तंबाखूची चव पानातून येते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाइपच्या तंबाखूविषयी आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे; मात्र पाइपच्या तंबाखूचा खास वास त्यात घातलेल्या सुगंधी द्रव्यांमुळे येतो, हे त्यातील विधान सरसकट खरे नाही. व्हॅनिला, चेरी किंवा रमचा वास दिलेली मिश्रणे पुष्कळ खपतात हे मान्य. आपल्याकडे हुक्क्याच्या तंबाखूत गूळ-काकवी मळण्याची रीत जुनी असल्याने चव वरून घातलेली असते असा समजही सहज होतो. परंतु पाइप ओढणारे ज्यांना ‘इंग्लिश मिक्श्चर’ म्हणतात, त्या मिश्रणांचा स्वभाव मुख्यतः निरनिराळ्या पानांतून आणि ती पाने सुकवण्याच्या पद्धतींतून घडतो. हे पत्र तेवढ्याच मुद्द्यासाठी आहे. धूम्रपानाची भलावण करण्याचा हेतू नाही.

अशा मिश्रणाचा पाया बहुधा व्हर्जिनियाचा असतो. हे पान बंद कोठारात, धुराचा स्पर्श होऊ न देता, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर सुकवतात. त्यामुळे त्यातली साखर टिकते आणि चवीला गोडसर, किंचित आंबूस, वाळल्या गवताची आठवण देणारा धूर मिळतो. घाईघाईने ओढल्यास हेच पान जीभ पोळते. बर्लीचे पान हवेशीर छपराखाली कित्येक आठवडे टांगून वाळवतात, त्यात साखर जवळपास उरत नाही आणि वरून दिलेला अर्क ते चटकन शोषून घेते. सुगंधी मिश्रणांत बर्लीचा भरणा असतो तो यामुळेच, आणि लेखातील विधान खरे ठरते ते तिथे. तुर्कस्तान व ग्रीसकडची ओरिएंटल पाने आकाराने लहान असतात. ती उन्हात सुकवतात आणि त्यांना मसालेदार, थोडा उदासारखा गंध असतो.

इंग्लिश मिक्श्चरची ओळख मात्र लाटाकियाने ठरते. सीरियातील बंदराचे नाव मिळालेला हा तंबाखू आज प्रामुख्याने सायप्रसमधून येतो. जातीने तो ओरिएंटलच, पण उन्हात सुकवून झाल्यावर त्याला पाइन, मर्टल अशा सुवासिक झाडाझुडपांच्या लाकडाची धुरी दीर्घकाळ देतात आणि पान जवळजवळ काळे होते. डबा उघडून चिमूटभर मिश्रण पांढऱ्या कागदावर पसरले, तर पिवळ्या-तांबूस धाग्यांत मिसळलेले हे काळे धागे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येतात. विझलेल्या शेकोटीचा, कमावलेल्या चामड्याचा जो वास नाकात शिरतो तो त्या धुरीचा. त्यात बाटलीतले काहीही नसते. गोड्या मसाल्यात दगडफुलाचे जे काम, तेच मिश्रणात लाटाकियाचे: बेताने पडले तर बाकीच्यांना खोली देते, जास्त झाले तर दुसरे काही लागूच देत नाही. माझ्या मते अनेक उत्पादक इथेच बिघडवतात, कारण भरपूर लाटाकिया घातलेला डबा उघडताक्षणी छाप पाडतो, पण अर्धा पाइप होईतो जीभ कंटाळते.

अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या सेंट जेम्स परगण्याचा पेरीक हाही असाच चवीपुरता घालायचा तंबाखू. त्याची पाने व्हिस्कीच्या पिंपांत दाबून, मधूनमधून बाहेर काढून व पुन्हा दाबून, त्यांच्याच रसात वर्षभर किंवा अधिक आंबवतात. वास सुक्या अंजिराचा आणि मागून शिरक्याचा. अर्क नाही, साखरपाक नाही.

प्रमाण किती महत्त्वाचे असते हे पाहायचे तर आल्फ्रेड डनहिल यांचे उदाहरण घ्यावे. 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर त्यांनी दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार मिश्रण बांधून देण्याची पद्धत रूढ केली. ‘माय मिक्श्चर 965’ हे नाव त्याच परंपरेतले. त्यांच्या घराण्यातले ‘अर्ली मॉर्निंग पाइप’ हलके, तर ‘नाइटकॅप’मध्ये लाटाकिया सढळ आणि जोडीला पेरीक. धुरकट वास दोन्हींत असला तरी प्रकृती अगदी निराळी. ही मिश्रणे आता पीटरसन या आयरिश पाइप-उत्पादकाच्या नावाने विकली जातात.

लेखातील आणखी एक गोष्ट खटकली. चव सौम्य तो तंबाखू सौम्य, असे लेखकाने गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात लाटाकियाचा वास दांडगा असला तरी त्यात निकोटिन कमी असते, आणि शेंगदाण्या-कोकोसारखी निरुपद्रवी चव देणाऱ्या बर्लीत ते बरेच जास्त. शिवाय हवेवर सुकवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते. पाइपवाले धूर छातीत घेत नाहीत म्हणून ते सुरक्षित, हा समज त्यामुळे टिकत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यांनाही आहेच. चवीवर लिहिताना ‘सौम्य’ हा शब्द जपून वापरला जावा, एवढी विनंती.

कळावे,
आपला एक वाचक, पुणे