वाळूजच्या उस्तादांना

आदरणीय उस्ताद,

काल प्रबंध जमा केला. आभाराच्या पानावर तुमच्यासाठी एकच ओळ बसली. ती मला पुरेना, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात टायटॅनियमचा रॉड पिशवीत घालून मी एमआयडीसीत वर्कशॉपमागून वर्कशॉप फिरत होते. सगळीकडे एकच प्रश्न, "किती हजार पीस?" मला हव्या होत्या चोवीस चकत्या. तुम्ही रॉड तळहातावर तोलला. "हलकं हाय की. उद्या ये."

पहिली चकती मी हट्टाने स्वतः कापली, स्टीलच्याच स्पीडवर. टूलचं टोक जळालं, चकतीची कड निळी पडली. टायटॅनियमच्या या मिश्रधातूतून उष्णता साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याने वाहते, म्हणून ती टोकाशीच साचते, हे मी वाचलं होतं; हाताला ठाऊक नव्हतं. तुम्ही चिडला नाहीत. स्पीड उतरवला, नवी कार्बाइड टिप लावली, कूलंटची धार नेमकी टोकावर सोडली. "मधेच थांबू नको लेकरा. थांबलं की घासतंय, घासलं की तापतंय." लोखंडाचा कण पृष्ठभागावर राहिला तर हाडाच्या पेशींवरची माझी चाचणी बिघडेल, असं सांगितल्यावर तुम्ही माझ्या चकत्यांसाठी ब्रश आणि फडकंसुद्धा वेगळं काढलंत.

आणि मग चहा पिताना पँट गुडघ्यापर्यंत सरकवून पायावरचा टाक्यांचा व्रण दाखवलात. आत स्टीलचा रॉड. "हे हाडाला चिकटतं, का नुसतं अडकून राहतं?"

उस्ताद, माझा अख्खा विषय त्या प्रश्नात होता. स्टीलभोवती शरीर पुष्कळदा तंतूंचा पातळ पापुद्रा धरतं. टायटॅनियमचं तसं नाही. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क नावाच्या संशोधकांनी सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघायला टायटॅनियमची कुपी बसवली होती. काम झाल्यावर ती निघेचना, हाड तिला धरून बसलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाडाची गाठ पडते ती धातूवरच्या काही नॅनोमीटरच्या ऑक्साइडच्या थराशी. म्हणून पृष्ठभाग कसा कापला, कसा घासला, याला एवढं महत्त्व.

त्या संध्याकाळी मी प्रयोग बदलला. बारा चकत्या गुळगुळीत केल्या, बारा मुद्दाम खरखरीत ठेवल्या. खरखरीत चकत्यांवर हाडाच्या पेशींनी खनिज जास्त धरलं. तो फोटो प्रबंधात आहे. एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे.

पैसे तुम्ही फक्त त्या कार्बाइड टिपेचे घेतलेत. पुढच्या महिन्यात आणखी बारा चकत्या कापायच्या आहेत. लेथ रिकामं असेल त्या दिवशी कळवा. या खेपेला मशीनवर मी उभी राहते, तुम्ही शेजारी बसून बघा.

तुमची,
चकत्यावाली पोरगी