भुवयांचं काय करायचं

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आईने विचारलं, "तुझ्या हाताखालची माणसं तुझ्याबद्दल काय म्हणतात गं?" मी "काही नाही, ठीक" म्हणून विषय बदलला. ते काय म्हणतात हे मला तेव्हा दशांशचिन्हापर्यंत माहीत होतं, कारण शुक्रवारीच निकाल हातात आला होता. फोनवर सांगायला बसले असते तर बाबांनी मध्येच "अगं, लोक बोलतातच" म्हणून मला सोडवलं असतं. या वेळी सुटायचं नव्हतं. म्हणून पत्र.

आमच्या कंपनीत वर्षातून एकदा सगळ्यांना एक प्रश्नावली येते. तिला सगळे नुसतं 'सर्व्हे' म्हणतात. 'माझा मॅनेजर माझं ऐकून घेतो', 'कंपनी कुठे चालली आहे हे मला कळतं', 'चूक झाली तर मी ती न घाबरता सांगू शकतो' अशी वाक्यं असतात आणि प्रत्येकापुढे १ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. शेवटचा प्रश्न ० ते १० चा: इथे नोकरी कर असं ओळखीच्या माणसाला सांगाल का? आई, त्याचं गुणांकन ऐकून तुझ्यातल्या बाई चिडतील. ९ आणि १० देणारे तेवढे आपले. ७-८ वाले ना आपले, ना विरोधात. ६ आणि त्याखालचे सगळे विरोधात, आणि आपल्यांच्या टक्क्यांतून विरोधकांचे टक्के वजा करायचे. तू दहापैकी सहा देऊन किती पोरांना हसत घरी पाठवलंस! ही रीत फ्रेड राइकहेल्ड नावाच्या सल्लागाराने २००३ मध्ये मांडली ती गिऱ्हाइकांसाठी. पुढे कंपन्यांनी तीच आपल्या माणसांनाही लावली.

उत्तर कोणी दिलं ते कळत नाही. पाचपेक्षा कमी जणांनी भरलं असेल तर त्या टीमचा निकालच दाखवत नाहीत. माझ्या टीममध्ये ७ जण, त्यांतल्या ६ जणांनी भरलं. 'हिला काम कळतं' याला ४.५. 'कामाची वाटणी नीट होते' याला ४.२. मी मनात लाडू फोडत खाली सरकत होते. मग आलं, 'वाईट बातमी मी मॅनेजरला लगेच सांगू शकतो', आणि पुढे २.३.

त्याखाली शेरे असतात, ज्याने लिहिले त्याच्याच शब्दांत. एक असा होता: "माणूस म्हणून चांगली आहे. पण अडचण घेऊन तिच्याकडे जायचं म्हणजे आधी तयारी करावी लागते."

आता पुढचं सांगायला लाज वाटते. त्या रात्री मी जेवणानंतर लॅपटॉप उघडला आणि हे कोणी लिहिलं असेल ते शोधत बसले. पूर्णविराम कोण देतं, 'तयारी' हा शब्द कोणाच्या मेलमध्ये सापडतो, अमका इतकी नीट वाक्यं लिहील का. जुने मेल काढून ताडून पाहिले. साडेअकरा वाजता माझा एक माणूस पक्का झाला. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखं "गुड मॉर्निंग" केलं आणि माझ्या मनात आलं, बघा, कसा बोलतोय! तो होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. त्याच्याबद्दलची ही एका सकाळची अढी त्याला कधी कळणार नाही, पण नावं का लपवतात ते मला मात्र पुरतं कळलं.

खरं तर तो शेरा वाचताक्षणीच मला आठ महिन्यांपूर्वीची एक गोष्ट आठवायला हवी होती. ती आठवू नये म्हणूनच बहुधा मी हेरगिरी करत बसले.

तेव्हा मी तुम्हाला "दोन रात्री जागरण झालं, सिस्टीम बंद होती" एवढंच सांगितलं होतं. झालं होतं असं. रोज रात्री आमच्या सगळ्या माहितीचा बॅकअप घेतला जातो. तो आपोआप होतो, त्यामुळे कोणी बघत नाही. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने सोमवारी सहज उघडून पाहिला तर काही दिवसांचे बॅकअप अर्धवटच. तो कोणाला बोलला नाही. बोलला नाही म्हणजे विसरला नाही. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तो एकटाच दुरुस्ती शोधत होता. गुरुवारी रात्री एक बदल करताना आमचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि सगळे बॅकअपकडे धावलो. बॅकअप जुना. मधल्या दिवसांचं सगळं लॉगमधून, म्हणजे सिस्टीम आपोआप ठेवते त्या नोंदींतून, शोधून शोधून पुन्हा भरावं लागलं. मिळालं सगळं, पण त्यात दोन रात्री गेल्या.

नंतर मी त्याला विचारलं, सोमवारीच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात, प्रॉब्लेम नको, सोल्यूशन घेऊन या."

म्हणाले होते. एकदा नाही, दर दोन मीटिंगांत एकदा. माझ्या पहिल्या साहेबांचं वाक्य होतं ते आणि तेव्हा मला फार तडफदार वाटायचं. त्यातला मतलब एवढाच होता की नुसती रडगाणी नकोत, थोडा विचारही करा. पण दोन वर्षांच्या अनुभवाचा पोरगा त्याचा अर्थ काय घेणार? ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही, ते बोलायचं नाही. आणि सगळ्यात मोठ्या अडचणी नेमक्या त्याच असतात ना, ज्यांचं उत्तर एकट्याकडे नसतं!

त्यात मला वर्षभर एक अभिमानही होता. आमच्या वरिष्ठांसमोर मी सांगायचे, "माझ्या टीमकडून तक्रार येत नाही." अ‍ॅमी एडमंडसन नावाच्या एक संशोधक आहेत. त्यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या, औषधं देताना कुठे किती चुका होतात ते पाहायला. एकोपा असलेल्या टीममध्ये चुका कमी निघतील असा त्यांचा अंदाज. आकडे आले उलटे, चांगल्या टीममध्येच चुका जास्त! मग खोदून पाहिल्यावर कळलं की तिथली माणसं चुका जास्त करत नव्हती, उघडपणे सांगत होती. बाकी ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. मी हे दोन वर्षांपूर्वी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. वही अजून आहे.

बाबा, तुमचा तो नोकियाचा फोन आठवतो? खाली पडला की तीन तुकडे व्हायचे आणि तुम्ही ते जोडून पुन्हा बोलायला लागायचात. एवढी मोठी कंपनी मागे कशी पडली असं तुम्ही मला विचारलं होतंत, तेव्हा मी "आयफोन आला" एवढंच म्हटलं होतं. आयफोन २००७ चा, ते खरंच. पण तिमो व्हुओरी आणि क्वी ह्यूई या दोन संशोधकांनी नंतर नोकियातल्या वरच्या-मधल्या मॅनेजरांशी, इंजिनियरांशी बोलून २०१६ मध्ये एक लेख छापला. त्यात भीतीचंच सगळं आहे. वरचे साहेब बाहेरच्या स्पर्धेला आणि भागधारकांना घाबरायचे. मधले मॅनेजर वरच्या साहेबांना घाबरायचे, कारण वाईट बातमी नेली की आरडाओरडा. मग मधले लोक वर सांगताना बातमी गोड करून सांगायचे. सॉफ्टवेअर वेळेत होणार नाही हे खाली सगळ्यांना ठाऊक, वर मात्र "होईल". शेवटी २०१३ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं आणि पुढच्या वर्षी तो गेला.

भीती काही नुसत्या आरड्याओरड्यानेच येते असं नाही, हिशेबानेही येते. मायक्रोसॉफ्टमध्ये कित्येक वर्षं टीममधल्या माणसांची उतरंड लावायची पद्धत होती. टीम कितीही चांगली असो, कोणाला तरी खालच्या खणात टाकायचंच. परिणाम काय? हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांच्या टीममध्ये जायला कचरायची आणि शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी ते बंद केलं. आमच्याकडेही बेल कर्व्ह, म्हणजे अशी ठरवून लावलेली उतरंड, 'नाही'. फक्त पगारवाढीचे पैसे ठरलेले असतात आणि ते वाटताना उतरंड आपोआप लागते. यावर जास्त लिहीत नाही, मार्चमध्ये मला ते करावं लागलं आणि अजून बरं वाटत नाही.

बाबा, साहेब नसते तर काम लवकर झालं असतं हा तुमचा जुना सिद्धांत. गूगलने तो करून पाहिला आहे! २००१-०२ च्या सुमारास त्यांनी इंजिनियरांवरचे मॅनेजर काढून टाकले. काही महिन्यांतच खर्चाच्या पावत्या आणि आपापसांतली भांडणं घेऊन लोक थेट संस्थापक लॅरी पेज यांच्या दारात यायला लागले आणि प्रयोग गुंडाळावा लागला. तेव्हा मॅनेजर लागतो. निदान पावत्यांसाठी.

तुम्ही आणखी एक विचारलं होतंत, कर्मचारी सह्या करून साहेबाला परत आणतात हे खरं का? खरं आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या संचालकांनी कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढलं. साधारण ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक जणांनी, त्यांना परत घ्या नाहीतर आम्ही जातो, अशा पत्रावर सह्या केल्या आणि काही दिवसांत ते परत आले. त्यात कर्मचाऱ्यांचे शेअर विकले जायचे होते, तोही हिशेब असणारच. आणि २०१८ मध्ये १ नोव्हेंबरला गूगलचे सुमारे २०,००० लोक काम थांबवून बाहेर आले, लैंगिक छळाच्या तक्रारी कंपनी ज्या रीतीने हाताळत होती त्याविरुद्ध. आठवड्याभरात, अशा तक्रारी कोर्टात न नेता लवादापुढेच न्यायची सक्ती कंपनीने काढली. माझ्या मनात सारखं येतं, ते सगळे उघडपणे बोलले. पण शेकडो जण सोबत असताना नाव देणं वेगळं आणि सात जणांच्या टीममध्ये एकट्याने देणं वेगळं. माझ्या त्या शेरा लिहिणाऱ्याचं धाडस मला कमी वाटत नाही.

तर मंगळवारी मी काय केलं ते सांगते. टीमला बोलावलं, निकाल पडद्यावर लावला आणि २.३ वर बोट ठेवलं. सांगितलं की ते 'सोल्यूशन घेऊन या' मी मागे घेते. अर्धवट असलं, उत्तर नसलं तरी त्याच दिवशी सांगा. सगळे गप्प. लोक टेबलाकडे बघत होते. वाटलं, झालं, हाही एक कार्यक्रम उरकला. तेवढ्यात टीममधली सगळ्यात जुनी बाई, जी कधी फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "वाक्याचं एवढं नाही. वाईट काही सांगितलं की तुझ्या भुवया वर जातात. त्या वर गेल्या की आम्ही पुढचं अर्धं गिळतो."

पाच सेकंद शांतता आणि मग सगळे हसले. मीही हसले, आणि तेव्हा त्या भुवया वरच होत्या म्हणे.

आई, त्या भुवया कोणाच्या आहेत हे सांगायला नको. तू कधी हात उगारला नाहीस, आवाजही चढवला नाहीस. नुसत्या भुवया. गणितातले गुण, हरवलेली छत्री, दादाची मोडलेली सायकल, सगळं आम्ही आधी बाबांना सांगायचो. मग बाबा योग्य वेळ बघून, अर्धं गाळून, उरलेल्याला साखर लावून तुला सांगायचे. आमच्या घरचे मधले मॅनेजर! तुला वाटायचं मुलं गुणी आहेत, तक्रार येत नाही.

रागावू नकोस. मी वर्षभर तेच समजत होते, तेव्हा आपण एकाच बोटीत.

आता राहिलेलं एक, जे टीमला सांगितलं नाही. माझ्या वरिष्ठ बाईंबद्दलही मी तोच सर्व्हे भरला. रात्रीच्या कॉलची ड्यूटी त्यांनी आमच्याशी न बोलता बदलली, त्यावर मी दोन महिने धुसफुसते आहे. 'माझं मत विचारात घेतलं जातं' यापुढे मनात २ होते. लिहिले ४. त्यांच्या हाताखाली आम्ही फक्त तिघी-चौघे, निकाल दिसणारच नव्हता, तरीही. आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'सगळं ठीक.' रविवारी आईला दिलं तेच उत्तर.

गुरुवारी त्यांच्यासोबत माझी वन-ऑन-वन, म्हणजे दोघींचीच बैठक, आहे. दर वेळी अर्ध्या तासातली पंचवीस मिनिटं मी कामाची यादी वाचते. या वेळी यादी नेणार नाही. ड्यूटीचं बोलायचं आणि पर्याय तयार नसला तरी बोलायचं. काय होतं ते कळवेन.

बाबा, तुमच्या डोळ्यांच्या तपासणीचं आईकडून "काही विशेष नाही" असं कळलं. म्हणजे तुम्ही तिला अर्धं सांगितलंत आणि त्यातलं अर्धं तिने मला. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्याकडून ऐकायचं आहे, साखर न लावता. शनिवारी सकाळी फोन करा. व्हिडिओ नको, साधाच करा. म्हणजे कोणाच्याच भुवया दिसणार नाहीत.

तुमची,
धाकटी