रागाला गेज लावायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी कँटीनमध्ये तुमच्याविषयी चार शब्द बोलायला मला उभे केले होते आणि मी रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, किती कमी झाले याचे आकडे सांगून खाली बसलो होतो. राहून गेलेले आभार आज लिहून मानतो आहे. पत्र उघड लिहिण्याचे कारण असे की, आवाज चढवला तरच काम होते असे मानणारे माझ्यासारखे सुपरवायझर चाकण-भोसरीच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत. तुमचे नाव मात्र लिहीत नाही, कारण ‘माझे नाव कुठे छापू नकोस’ असे तुम्ही बजावले आहे आणि एरवी कोणाचे न ऐकणारा मी निदान तेवढे ऐकतो.

ती रात्रपाळी तुम्हाला आठवत असेल. बोअरिंगच्या मशीनवर इन्सर्ट (धातू कापणारे पाते) बदलला गेला, पण जुन्या इन्सर्टच्या झिजेपोटी दिलेला ऑफसेट (मापातली भरपाई) काढायचा राहिला, बोअर, म्हणजे आतले भोक, मोठे झाले आणि पहाटे तुम्ही तपासायला घेतलेल्या प्रत्येक जॉबमध्ये, म्हणजे सुट्या भागात, माप तपासायच्या गेजची नो-गो बाजू, जी आत जाता कामा नये, सहज आत जाऊ लागली. लहान राहिलेले बोअर पुन्हा कापता येते, मोठे झालेले भरून काढता येत नाही. 43 जॉब नापास मालाच्या लाल बिनमध्ये गेले. मी त्या ट्रेनी मुलाला सगळ्या लाईनसमोर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यानंतर मी टूल रूममध्ये जाऊन दार लावून बसलो. तुम्ही आळंदीचे, मुक्ताबाईंनी ताटीबाहेर उभे राहून ज्ञानदेवांची समजूत घातल्याची कथा तुमच्या अंगात भिनलेली. दार वाजवून तुम्ही आत आलात, चहाचा कागदी कप पुढे ठेवलात आणि मी निवेपर्यंत एक अक्षर बोलला नाहीत. मग म्हणालात, “त्या पोराला सहाव्या जॉबलाच कळलं होतं. तुझ्या भीतीनं तो गप्प बसला. सहा जॉब ऑफसेटचे, उरलेले 37 तुझे.”

त्या हिशेबाने मी जागा झालो. तोवर माझा राग हा माझ्या कर्तव्यदक्षतेचाच पुरावा आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. पुढे कधीतरी वाचनात आले की, अमेरिकेतील रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास 1990 च्या दशकात एमी एडमंडसन या संशोधिकेने केला, तेव्हा ज्या कक्षांत प्रमुख चांगल्या होत्या आणि माणसांचे एकमेकांशी बरे होते, तिथेच नोंदवलेल्या चुका जास्त आढळल्या. त्या कक्षांत चुका अधिक होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथे चूक सांगायला कोणी घाबरत नव्हते म्हणून. तुम्ही हे कोणताही अभ्यास न वाचता एका लाल बिनवरून मला दाखवून दिले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दोनशे पानी वही दिलीत आणि तुमच्या तपासनिसाच्या भाषेत विचारलेत, “गेज लावल्याशिवाय तू एक जॉब पास करत नाहीस, मग राग न मोजताच कसा पास करतोस?” राग आला की वेळ लिहायची, समोर काय घडले ते लिहायचे आणि मग ‘राग’ हा शब्द न वापरता जे वाटले त्याचे नाव लिहायचे, एवढीच तुमची अट. ही अट अवघड निघाली. पहिले दोन आठवडे मी नुसते ‘डोके फिरले’ असे लिहीत होतो आणि तुम्ही ती नोंद रिवर्कला परत पाठवत होतात.

मग हळूहळू शब्द सापडू लागले, आणि आपल्या भाषेत ते किती बारीक मापाचे आहेत हे तेव्हा उमगले. वैताग वेगळा, तो थकव्यातून येतो आणि झोप झाली की निम्मा उतरतो. चीड वेगळी, ती अन्याय पाहून येते. त्रागा तर फार निराळा. त्यात दुसऱ्यावर जोर चालत नाही म्हणून माणूस स्वतःलाच त्रास करून घेतो, आणि घरी न जेवता झोपण्याच्या माझ्या सवयीचे हेच नाव आहे हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळले. ओशाळणे, धास्ती, असूया, खंत, चडफड हे सगळे मी एकाच ‘रागा’च्या पिशवीत कोंबत आलो होतो. त्या रात्रीच्या नोंदीवर तुम्ही आपली नेहमीची व्हाय-व्हाय पद्धत लावायला सांगितलीत. ओरडलो का? जॉब वाया गेले म्हणून. त्याचे एवढे का लागले? सकाळच्या मीटिंगमध्ये मला उभे करणार म्हणून. त्याची धास्ती का? मागच्या महिन्यातही उभे केले होते आणि मी सर्वांसमोर ओशाळलो होतो. म्हणजे मुळाशी होती लाज. ती मी जशीच्या तशी एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या अंगावर टाकली होती.

भावनेला नाव दिल्याने ती थोडी उतरते, याला आधारही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समोरच्या चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव देताना मेंदूतील अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा विषय पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये नीट मांडला आणि 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो कार्यालयाकार्यालयांत नेला. आम्हालाही त्यावरच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. जेवण उत्तम होते आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करून मिळाले. तिथे हा गुण म्हणजे बढतीचा हमखास रस्ता असल्यासारखे सांगितले गेले, ते मला पटले नाही. बढती मला मिळाली, पण ती वहीमुळे मिळाली असे मी म्हणणार नाही; वहीमुळे माणसे माझ्याशी खरे बोलू लागली, इतकेच मी खात्रीने सांगू शकतो.

एका गोष्टीसाठी तुमचे विशेष आभार मानायचे आहेत. राग गिळायला तुम्ही मला कधीच सांगितले नाहीत. उत्पादन वाढवण्यासाठी प्रेसवरचा सुरक्षा सेन्सर बंद ठेवून काम करा, असा तोंडी निरोप आला, त्या दिवशी मी नव्या शहाणपणाने शांत राहायला निघालो होतो. तुम्ही वही मागितलीत, ‘चीड’ हा शब्द वाचलात आणि म्हणालात, “ही नोंद बरोबर आहे, ही थंड करू नकोस, वरच्या साहेबांकडे लेखी घेऊन जा.” मी आवाज न चढवता लेखी दिले, प्रेस दीड दिवस बंद राहिली आणि सेन्सर चालू झाल्यावरच सुरू झाली. ज्यांनी निरोप पाठवला होता ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्याची खंत नाही, हेही त्याच वहीत लिहून ठेवले आहे.

घरचे थोडक्यात सांगतो. माझी मुलगी गणिताचे पेपर आजीला दाखवायची आणि माझ्यापासून दप्तरात लपवायची. हेही दडवलेले रिजेक्शनच आहे, हे लक्षात यायला मला लाल बिन आठवावा लागला. सोडवायला मात्र वर्ष गेले, कारण कारखान्यात आठ तास सांभाळलेला तोल घराच्या उंबऱ्यावर सुटतो. आता आल्याआल्या मी पंधरा मिनिटे कोणाशी काही बोलत नाही. हे ठरवून केलेले आहे आणि घरच्यांना ते माहीत आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतः होऊन पेपर माझ्यापुढे ठेवला. गुण वाईटच होते.

तो ट्रेनी आता ऑपरेटर झाला आहे. मी त्याची माफी सगळ्या लाईनसमोर मागितली होती, कारण अपमान सगळ्यांसमोर केला होता. ही अटही तुमचीच. परवा रात्री अडीच वाजता त्याने मशीन थांबवून मला बोलावले आणि म्हणाला, “साहेब, माझ्याकडून ऑफसेट चुकला, दोन जॉब गेले.” माझ्या छातीत जुनी धडधड झाली. मी वेळ लिहिली, ‘धास्ती’ लिहिले आणि मग आम्ही दोघांनी मिळून ऑफसेट दुरुस्त केला.

वही संपत आली आहे. जाताना तुम्ही दिलेला मायक्रोमीटर कॅलिब्रेशन करून आणला आहे. येत्या रविवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा सकाळी आळंदीला येतो. काकूंना चहा नेहमीचाच ठेवायला सांगा.

आपला कृतज्ञ,
मशीन शॉपमधला तुमचा सुपरवायझर