टाकीतल्या प्रयोगाबद्दल

नॉर्थ कॅरोलायना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगातला टोडफिश मासा कालवांना तोंडही लावत नाही, मग त्याच्या असण्यानं कालवं कशी वाचतात, असं तू विचारलंस. मासा खेकडे खातो, म्हणून कालवं उरतात, हे खरं. पण खेकडा मेला नाही, नुसता घाबरला, तरीही कालवं वाचतात, आणि माझ्या मते हाच भाग मोठा आहे.

इथल्या खाड्यांत कालवांचे उंचसखल थर असतात. त्यांच्या कोवळ्या पिल्लांवर दोन इंचांच्या आतबाहेरचे चिखलखेकडे ताव मारतात, आणि टोडफिश त्या खेकड्यांवर. टोडफिश जवळ आहे असं कळलं की खेकडे शिंपल्यांच्या फटींत दडून बसतात, खाणं आखडतं घेतात. म्हणून टाकीचा तळ सपाट ठेवू नकोस, रिकाम्या शिंपल्यांचा ढीग रच. लपायला जागाच नसेल तर भीतीचा परिणाम दिसायचा कुठे?

चार प्रकारच्या टाक्या लाव, प्रत्येकीच्या किमान पाच. पहिलीत नुसती कालवं. दुसरीत कालवं आणि खेकडे. तिसरीत त्याशिवाय जाळीच्या पिंजऱ्यात कोंडलेला मासा. चौथीत तोच मासा मोकळा. मासा नसेल तिथेही रिकामा पिंजरा ठेवायचा, नाहीतर फरक माशामुळे की पिंजऱ्यामुळे हे सांगता येणार नाही. दुसरी आणि तिसरी यांतला फरक म्हणजे भीती. चौथीत मासा खेकडे खातो, हिंडतो, पाणीही ढवळतो, तेव्हा त्या आकड्याचा अर्थ जपून लाव.

प्रयोग हमखास बिघडतो तो पाण्यापायी. सगळ्या टाक्यांना एकच गाळणी जोडलीस तर माशाचा वास सगळीकडे पोचतो आणि दुसऱ्या टाकीतले खेकडेही दबकून राहतात. प्रत्येक टाकीला पाणी वेगळं दे, आणि वाहतं दे. साचलेल्या पाण्यात वास साठतो आणि भीती उगाच जास्त दिसते. खेकडे सगळे सारख्याच वेळ उपाशी ठेव, कारण फार भुकेला खेकडा धोका पत्करतो. रोज मोजणी कर. सगळी कालवं फस्त होईपर्यंत थांबलीस तर टाक्यांतला फरकच पुसला जातो.

आणखी एक. खेकड्याची चाहूल कालवांनाही लागते. ती शिंपला जाड करतात, त्यासाठीची ताकद वाढीतून जाते. चार दिवसांत हे दिसणार नाही, आठवडे लागतात. त्यामुळे किती वाचली एवढंच मोजू नकोस, वाचलेल्यांचा शिंपला आणि मांस वेगवेगळं तोलून बघ.

मेलेल्यांची टरफलं फेकायची नाहीत. कडा चिरडलेली असेल तर ते काम खेकड्याचं. बारीक गोल भोक दिसलं तर शंखातली गोगलगाय चुकून आत आली आहे. दोन्ही शिंपा शाबूत आणि आत काही नाही, तर उपासमार किंवा प्राणवायूची कमतरता आधी तपास, आणि ती कालवं खेकड्याच्या खाती मांडू नकोस.

तुझी,
आत्या