सुन्या, लिंडाउत नको, इथेच राहा

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. वहिनींनी लिंडाउचे फोटो बघून तिथलंच हॉटेल शोधायला घेतलंय म्हणतोस, ते बुकिंग जरा थांबव आणि आधी हे वाच. मोबाईलवरच उत्तर टाईप करायला घेतलं होतं पण ते इतकं लांबत गेलं की म्हणलं सरळ पत्रच लिहावं, हॉस्टेलच्या सुट्टीत लिहायचो तसं, तेव्हा निदान तू पूर्ण वाचायचास तरी.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुक्काम माझ्याकडे, जर्मनीत बोडनझे तळ्याच्या काठी फ्रीडरिशहाफेनला करा. लिंडाउ, मेअर्सबुर्ग, मायनाउ हे सगळं बघाच, कोण नाही म्हणतंय, पण ते सकाळी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. गाव म्हणून विचारशील तर फ्रीडरिशहाफेन सुंदर वगैरे अजिबात नाही, हे आधीच सांगतो म्हणजे वहिनी मला नंतर बोलणार नाहीत. स्टेशनच्या बाहेर आलास की चौकोनी बिल्डिंगा, बँका, एक मॉल, झालं. कारण सरळ आहे, 1944 साली विमानांनी हे गाव भाजून काढलं. इथे गिअर बनत होते, इंजिनं बनत होती, विमानं बनत होती, मग बॉम्ब दुसरीकडे कुठे पडणार? 28 एप्रिलच्या रात्री तर जुना भाग जवळपास संपलाच. आज जे दिसतं ते युद्धानंतर घाईघाईनं उभं केलेलं, त्यातून जुनं म्हणून उठून दिसतात ते राजवाड्याच्या चर्चचे दोन मनोरे, कांद्याच्या आकाराच्या घुमटांचे, तेही नंतर दुरुस्त केलेलेच.

पण मजा अशी आहे की हे सगळे कारखाने एका म्हाताऱ्याच्या हट्टातून निघालेत, आणि ते एकदा डोक्यात बसलं की गाव वेगळंच दिसायला लागतं. काउंट झेपेलिन, जन्म 1838 चा, समोरच्या कोन्स्टान्झ गावचा. सैन्यातून निवृत्त झाल्यावर, लोक नातवंडं सांभाळतात त्या वयात, याला हवेत उडणारं, गॅसच्या लांबट फुग्यासारखं जहाज बनवायचं होतं. 2 जुलै 1900 ला पहिलं उडालं, इथेच, मान्झेलच्या खाडीत पाण्यावर तरंगती शेड बांधून. तरंगती का, तर वारा फिरेल तशी शेडच फिरवता यावी म्हणून, नाहीतर शंभर-सव्वाशे मीटरचं ते धूड आडव्या वाऱ्यात बाहेर काढणार कसं. नंतर एकामागून एक जहाजं मोडली, जळाली, पैसे संपले. ऑगस्ट 1908 मध्ये चौथं जहाज श्टुटगार्टजवळ एश्टरडिंगेनला इंजिन बिघडलं म्हणून उतरवलं आणि वादळात सुटून जळून खाक झालं. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता. पण लोकांनीच पैसे पाठवायला सुरुवात केली, कोणी पोस्टानं, कोणी शाळेतल्या पोरांकडून गोळा करून, आणि साठ लाखांच्या वर मार्क जमले. त्यातून कंपनी उभी राहिली आणि एक ट्रस्ट.

आता पुढचं बघ. जहाजाला हलकी इंजिनं हवीत, म्हणून मायबाखचा कारखाना. गिअर हवेत, म्हणून 1915 ला झेडएफ, हो तीच झेडएफ, जिचे गिअरबॉक्स आपण रस्त्यावरच्या ट्रक-बसमध्ये बघतो. क्लाउड डोर्निए नावाचा पोरगा झेपेलिनकडेच नोकरीला होता, त्यानं पुढे स्वतःची विमानं काढली. म्हणजे ज्या फुग्यावर आज कोणी प्रवास करत नाही त्याचे सुटे भाग बनवणारे मोठे झाले आणि फुगा मात्र गेला! आणि ट्रस्टच्या कागदात काउंटनं लिहून ठेवलं होतं की हवाई जहाजाचं काम करणं शक्य राहिलं नाही तर सगळी मालमत्ता गावाला द्यायची, लोकांच्या भल्यासाठी वापरायची. 1947 ला तसंच झालं. आज झेडएफचे नव्वद टक्क्यांहून जास्त शेअर त्या ट्रस्टकडे, आणि ट्रस्ट चालवते नगरपालिका. इथल्या बालवाड्यांना, म्युझियमला, खेळाच्या क्लबांना तिथून पैसे जातात. एवढ्याशा, साठेक हजार वस्तीच्या गावाची नगरपालिका, आणि मालकी कशाची तर जगभर कारखाने असलेल्या कंपनीची. दुसरी बाजूपण आहे म्हणा, 2024 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की 2028 पर्यंत जर्मनीत 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करणार, तेव्हापासून कँटीनमध्ये लोक हवामानाआधी हाच विषय काढतात. सगळं गाव एका दोरीला बांधलेलं असलं की दोरी हलली तरी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

झेपेलिन म्युझियम बंदरावरच आहे, जुन्या हार्बर स्टेशनच्या पांढऱ्या इमारतीत, आणि त्याला अर्धा दिवस दे, कमी नाही. आत हिंडेनबुर्ग नावाच्या हवाई जहाजाचा 33 मीटरचा तुकडा जसाच्या तसा नव्यानं बांधून ठेवलाय. अख्खं जहाज 245 मीटर होतं, याच गावात बांधलेलं. खाली उघडणाऱ्या जिन्यानं तू वर चढतोस आणि एकदम 1936 सालच्या प्रवाशासारखा लाउंजमध्ये, अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांच्या खुर्च्या, तिरक्या खिडक्या. केबिन बघून मात्र हसू आलं राव, एवढे पैसे मोजून अटलांटिक पार करायचा आणि झोपायला आपल्या थ्री टायरसारखे वरखाली दोन बर्थ, भिंतीत दुमडणारं वॉश बेसिन, खिडकीचा पत्ता नाही. जहाजात हायड्रोजन भरलेला आणि तरी स्मोकिंग रूम होती! तिथे हवेचा दाब जरा जास्त ठेवायचे म्हणजे बाहेरचा गॅस आत शिरणार नाही, आणि लायटर एकच, विजेवरचा. मे 1937 मध्ये ते अमेरिकेत लेकहर्स्टला उतरताना पेटलं, 36 माणसं गेली, आणि लायटरमुळे नाही. हेलियम अमेरिकेकडे होता आणि ते विकत नव्हते, म्हणून हायड्रोजन.

तू मेकॅनिकलचा आहेस म्हणून एक सांगतो, तिथे सांगाड्याची एक पट्टी जवळून बघायला मिळते. ड्युरल्युमिनची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, त्रिकोणी, पत्र्याला भोकं पाडून कडा वळवलेल्या आणि शेकडो बारके रिव्हेट. भोकं पाडून वजन कमी केलंय आणि कडा वळवून ताकद परत मिळवलीय. मी तिथे इतका वेळ उभा होतो की गार्ड दोनदा येऊन बघून गेला. चिरंजीवांना हे कंटाळवाणं वाटेल, त्याला एअरपोर्टशेजारच्या डोर्निए म्युझियममध्ये ने, तिथे खरी विमानं आहेत. डो-एक्सची गोष्ट त्याला सांग, बारा इंजिनांचं पाण्यावरून उडणारं विमान, 1929 मध्ये एका उड्डाणात 169 माणसं घेऊन गेलं होतं.

आणि झेपेलिन, म्हणजे ते हवाई जहाज, अजून उडतं बरं का. नवीन बनावटीचं, 75 मीटरचं, हेलियमवालं. संध्याकाळी काठावर बसलेलं असताना डोक्यावरून आरामात जातं, त्याला कुठलीच घाई नसते. तिकीट मात्र छोट्या फेरीचंसुद्धा माणशी काही शे युरो आहे, मी खालूनच बघतो. तुला काकूंना बसवायचं असेल तर आधी बुक कर आणि वारा जास्त असला तर रद्द होतं हे धरून चाल.

तळं म्हणतो आपण, पण बोडनझे 63 किलोमीटर लांब आहे, सगळ्यात खोल जागी अडीचशे मीटर. समोर स्वित्झर्लंड, डावीकडे ऑस्ट्रिया, आणि मोठ्या भागात हद्द नेमकी कुठे याचा तिन्ही देशांनी आजवर करारच केलेला नाही, आणि त्यावाचून कोणाचं काही अडलेलं नाही! फेरीनं चाळीसेक मिनिटांत पलीकडे रोमान्सहॉर्नला पोचतोस. काठाकाठानं नारिंगी दिवे आहेत, ते लक्षात ठेव. मिनिटाला 40 वेळा लुकलुकले तर जोराचा वारा येऊ शकतो, 90 वेळा म्हणजे वादळ. मागे एकदा मस्त ऊन पडलेलं, पाणी शांत, आणि दिवा एकदम भराभर लुकलुकायला लागला. मला काही कळेना, पण शेजारच्या बाकावरच्या दोन आज्या काही न बोलता उठल्या, पिशव्या उचलल्या आणि निघाल्या, म्हणून मीपण निघालो. बंदरात शिडाच्या बोटी एकामागून एक आत यायला लागल्या. मी कॅफेत शिरतोय तोवर बाहेरच्या छत्र्या आडव्या झाल्या होत्या. त्यामुळे पोराला पेडल बोट पाहिजे असेल तर आधी दिवा बघायचा.

मासे खायचा बेत असेल तर फेल्शेन म्हणून इथला प्रसिद्ध मासा मेनूवर दिसेल, पण तो बहुतेक बाहेरून आणलेला असतो. तळ्यातले इतके कमी झाले की 2024 पासून तीन वर्षं धरायलाच बंदी केली. पाणी जास्तच स्वच्छ झालंय, त्यामुळे माशांना खायला कमी, वर बाहेरून आलेले क्वागा शिंपले उरलंसुरलं गाळून खातात. काकूंना काय, केझश्पेट्झले मागवा, चीजमध्ये घोळवलेल्या घरगुती शेवया आणि वर तळलेला कांदा. फक्त आधी विचारायचं, काही ठिकाणी बेकनचे तुकडे टाकतात.

आता आजूबाजूचं. लिंडाउ बेट आहे, ट्रेननं जाताना लिंडाउ-इन्झेल स्टेशनला उतरा, राइटिनला नको, ते बेटाबाहेर आहे. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूला लाइटहाऊस, वहिनींना फोटो तोच पाहिजे असणार. दुपारी एवढी गर्दी की आइस्क्रीमच्या लाइनीत सगळा युरोप उभा. तिथून तशीच पुढे ट्रेन ब्रेगेन्झला जाते, ऑस्ट्रियात, आणि केबल कारनं फेंडर डोंगरावर, 1064 मीटर. लिंडाउपेक्षा मला हे आवडलं. वरून सगळं तळं एका नजरेत येतं आणि मागे आल्प्स. फ्योन वाहत असेल, म्हणजे दक्षिणेकडचा कोरडा गरम वारा, तर डोंगर इतके जवळ दिसतात की हात लावावासा वाटतो, आणि इथले लोक त्याच दिवशी डोकं दुखतंय म्हणतात.

दुसऱ्या बाजूला मेअर्सबुर्ग, द्राक्षमळे आणि वर जुना किल्ला, चढ आहे, काकूंचे गुडघे बघून ठरव. त्यापुढे उंटरउलडिंगेनला पाण्यात खांबांवर उभी केलेली घरं, हजारो वर्षांपूर्वी लोक राहायचे तशी बांधून दाखवलेली. जवळच बिरनाउचं चर्च, आत सगळं गुलाबी-सोनेरी, आणि मध चाटणारं एक बाळ आहे ते शोधायला पोराला लाव. चर्चजवळच युद्धातल्या छळछावणीच्या कैद्यांची दफनभूमी आहे. फ्रीडरिशहाफेनवर बॉम्ब पडायला लागल्यावर कारखाने डोंगरात हलवायचे म्हणून उबरलिंगेनला या कैद्यांकडून बोगदे खोदून घेतले, त्यात मेलेले हे लोक. गाड्या भरून लोक चर्च बघतात आणि तिथे कोणी फिरकत नाही. तुम्ही जा, पाच मिनिटं लागतात.

सालेमला माकडांचा डोंगर आहे, आफेनबेर्ग. मी गेलो तेव्हा गेटवर मूठभर खास पॉपकॉर्न दिले होते आणि दोनेकशे माकडं मोकळी. आपल्याकडच्या माकडांचा अनुभव असल्यामुळे मी बॅग पोटाशी धरून आत गेलो, तर इथलं माकड कठड्यावर बसून तळहातावरचा एकेक दाणा दोन बोटांनी उचलतं, संपलं की हात पालथा करून बघतं आणि तोंड फिरवतं. तुझ्या पोराला सगळ्या ट्रिपमधलं हेच लक्षात राहणार, लिहून देतो.

मायनाउ बेट म्हणजे फुलं, काकूंसाठी. कोन्स्टान्झला कॅटामरान जाते, तासाच्या आत, बंदरात नऊ मीटरची एक बाई हळूहळू गोल फिरते, दोन हातांवर नागडा राजा आणि नागडा पोप घेऊन. काकूंना काय सांगायचं ते तू बघ. शाफहाउझेनचा ऱ्हाइन धबधबा उंचीला 23 मीटरच, पण पाणी केवढं! जून-जुलैत बर्फ वितळल्यावर तर बोलूच नको.

यायचं तर मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात धुकं बसतं ते आठवडाभर हलत नाही, माकडं बंद, झेपेलिन बंद. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवू. माझ्या रूमवर दोघं मावतील, बाकीच्यांसाठी बंदराजवळ एक साधं गेस्ट हाऊस बघून ठेवलंय, किचन आहे त्यामुळे काकूंना सकाळचा चहा स्वतःच्या हातचा मिळेल. तारखा कळव म्हणजे त्यांना सांगतो.

तुझा,
बाळ्या

ता.क. शेंगेन व्हिसा तिन्ही देशांना चालतो पण सिम कार्डला ते माहीत नसतं. काठावर उभं राहिलं तरी फोन स्विस नेटवर्क पकडतो आणि युरोपच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड बऱ्याचदा नसतं. घेताना नीट विचार, आणि वहिनींच्या फोनचं रोमिंग आधी बंद कर, सिंहाचे फोटो लगेच अपलोड होतील ते महागात पडतील.